एका संध्याकाळीत उरकलेलं मखर

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीत एकटा राहायचो आणि ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करायचो. ऑफिसात नवा कॉम्प्युटर आलेला. तो चालवता येणारा मी एकटाच, त्यामुळे दिवसभर माझ्या वाट्याला तोच. घरी आल्यावर दाराचं कुलूप.

सोसायटीत मी म्हणजे ‘दुसऱ्या मजल्यावरचे ते’. फक्त गणपतीच्या आधी माणसांत यायचो. सोसायटीचं थर्माकोलचं मखर जिन्याखाली रोज संध्याकाळी थोडंथोडं बनायचं. तळमजल्यावरचे काका वर्तमानपत्राची घडी घालून अर्धी कमान कापायचे. घडी उघडली की पुरी. ती थर्माकोलवर ठेवून बाकीच्यांनी कोरायची आणि मी डिंक लावायचा. माझी बोटंच एकमेकांना चिकटायची. मग समोरच्या वहिनी म्हणायच्या, “अहो, ऑफिसात इमारती पण अशाच चिकटवता का?” सगळे हसायचे. त्या चिडवण्याची मी वर्षभर वाट बघायचो.

आणि एवढ्या सुखात मला हुशारी सुचली. काकांच्या कागदी कमानीची वळणं मी कॉम्प्युटरमध्ये घातली. कमानीमागे कमान, प्रत्येक मागची थोडी लहान, म्हणजे गाभारा खोल गेल्यासारखा दिसावा. कॉम्प्युटरने सगळ्या न कुरकुरता मापात कागदावर काढून दिल्या. तुकड्यांना नंबर, खाचांच्या जागा पक्क्या, डिंकाचा थेंबही नको! म्हणजे मखरातली माझी एकुलती एक नोकरी मीच घालवली होती, पण तेव्हा मला फक्त शाबासकी दिसत होती.

पहिल्याच संध्याकाळी मखर उभं राहिलं. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “अरे, ही तर माझीच कमान! केवढी नातवंडं झाली रे हिला!” टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालं,

“सुटलो बुवा. उद्यापासून कुणी यायला नको.”

आणि जो तो घरी टीव्ही लावायला गेला. नंतर गणपती येईपर्यंत मी रोज जिन्याखाली रेंगाळायचो. मखर तयार, त्यामुळे तिथला दिवाही कुणी लावत नव्हतं.

पुढच्या वर्षी सेक्रेटरी म्हणाले, “नुसते नकाशे द्या, तुम्हाला त्रास नको.” मग मी नकाशात मुद्दाम खाचा सरकवल्या. कमानी बसणार नाहीत, आरडाओरडा होईल, सगळे जमतील, मला शिव्या घालतील आणि डिंक आणायला पाठवतील, असा माझा हिशेब.

कमानी बसल्या नाहीत, इथवर हिशेब बरोबर निघाला. ऑफिसातून लवकर निघून आलो, तर जिन्याखाली बाजारातलं तयार मखर उभं.

“तुझं काही बसेना,” काका म्हणाले. “म्हटलं, पुन्हा सगळ्यांना कुठे गोळा करायचं? कुणाला वेळ आहे?”

“मला हाक मारायची ना, काका!”

“तू कामाचा माणूस रे.”

आरतीला मी अगदी पुढे उभा राहिलो. त्या विकतच्या कमानीत कुठे खोट सापडते का, बघत होतो. सापडली नाही. हातांना दुसरं काम नव्हतं, म्हणून टाळ्या जरा जोरात वाजवल्या.