उखर्डूनानांच्या लॉरीचा हौदा

बैलगाडी करायची असली तर मी कुणाला काही विचारत नाही. बाभूळ कुठे लावायची, साग कुठे लावायचा, चाकाला आरे किती, हे माझ्या बापाने हातात घातलंय. पण सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यापासून एका लॉरीच्या हौद्यापायी मी चार महिने असा गोंधळलो की माझी बायको म्हणायची, तुम्ही जेवताना ताटाचंसुद्धा माप घेताय.

लॉरी उखर्डूनाना पाटलांची. भडगावपासून तीन कोसांवर गिरणा नदीच्या काठी आमचं गाव. तिथले नाना साधे शेतकरी, पण एकोणिसाव्या वर्षी घरातून निघून धुळ्याला गेलेले. तिथे रतिलाल शेठच्या कापसाच्या जिनिंगची मोटार धुता धुता ती चालवायलाही शिकले. बारा वर्षं त्यांनी कपाशीच्या गाठी वाहिल्या. मोठा भाऊ प्लेगात गेला, तेव्हा परत येऊन नांगर धरला. नांगर चांगला धरला, पण रस्त्याने मोटारीचा आवाज आला की बैल थांबवून ऐकत उभे राहायचे. कुठली गाडी, किती जुनी, काय बिघडलंय, हे न बघता सांगायचे. आम्ही खरं मानायचो, कारण खोटं ठरवणारा गावात कुणी नव्हता.

बावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वतःची गाडी आणली. मालेगावच्या एका व्यापाऱ्याने वापरून वापरून टाकलेली. पुढे दोघा-तिघांना बसायची जागा, मागे उघडा हौदा. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून त्या व्यापाऱ्याने हौद्यातच कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. कोळसा पेटवायचा, त्याच्या धुराची वाफ नळीने इंजिनात जायची, आणि गाडी खोकत खोकत चालायची. भट्टीने निम्मा हौदा खाल्ला होता. उरलेल्या निम्म्याच्या फळ्या कुजलेल्या.

चैत्रात नानांनी मला गोठ्यात बोलावलं. लॉरी तिथेच उभी होती. मला म्हणाले, "रुपचंद, हाऊ हौदा बठ्ठा काढी टाकाना शे."

"बठ्ठा? सगळाच? मग बसवायचं काय?"

नाना हसले. चुलीतला कोळसा घेऊन त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर एक लांब चौकोन काढला. त्यात दोन आडव्या रेघा. एका कोपऱ्यात गोल, गोलावर फुली. बाजूला साडेतीनचा आकडा. आणि खाली एकच अक्षर, 'भि'. तेवढ्यात त्यांच्या बायकोने, यशोदाक्कांनी, जेवायला हाक मारली. नानांनी कोळसा खाली टाकला, हात झटकले. "सकायले ये, मंग सांगस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं घेऊन गेलो, तर ओट्यावर माणसं जमलेली. पहाटे नाना उठायला गेले ते तिथेच कोसळले होते. उजवा हात, उजवा पाय लुळा. तोंड एका बाजूला वाकडं. आणि वाचा गेलेली.

त्यांचा पुतण्या भिकन त्यांना रेल्वेने जळगावला घेऊन गेला. पंधरा दिवसांनी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना समजतं सगळं, पण बोलायला गेलं की शब्द हाती लागत नाही. ते खरंच होतं. नाना माणूस ओळखायचे, हसायचे, रडायचे. पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द यायचा.

"आखाजी."

पाणी हवं, आखाजी. पाय दुखतो, आखाजी. कुत्रं आत शिरलं, आखाजी.

आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, सण आठ दिवसांवर होता. त्यामुळे अक्कांना वाटलं की आखाजीच्या आत लॉरी तयार करा असं ते सांगताहेत. मला बोलावून त्या म्हणाल्या, "रुपचंदभाऊ, त्यास्ना जीव त्या गाडीमा अडकेल शे. तुम्हले त्यास्नी सांगेल व्हतं ना?"

"अक्का, निम्मंच सांगितलं."

"मंग निम्मं तं करा!"

निम्मं कसं करणार? मी भिंतीपुढे उभा राहिलो. आडव्या रेघा म्हणजे बाकं असावीत. साडेतीन म्हणजे साडेतीन हात. लांबी की उंची? गोल म्हणजे भट्टी, आणि फुली म्हणजे ती काढायची. पण भट्टी काढली तर गाडी चालणार कशावर? पेट्रोल तर रेशनच्या चिठ्ठीवर मिळायचं, तेही भडगावला, तेही कधीमधी.

भिकन म्हणाला, "भि म्हणजे मी. गाडी मी चालवायची, असं काकांनी लिहून ठेवलंय." त्याला नानांनीच महिनाभर गाडी शिकवली होती, म्हणून तो ठामपणे बोलत होता.

मला वाटलं, भि म्हणजे भिंत. बाजूच्या फळ्या साडेतीन हात उंच करायच्या, म्हणजे कपाशी जास्त मावेल. सुताराला भिंतच दिसणार.

शेवटी मी माझ्या मनाने फळ्या उभ्या केल्या. चार दिवस राबलो. भिकनने आणि मी नानांना खाटेसकट गोठ्यात आणलं. नानांनी लॉरीकडे पाहिलं. चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी खाटेच्या माच्यावर धडाधड मारायला सुरुवात केली. "आखाजी! आखाजी!"

मी त्याच दिवशी फळ्या उतरवल्या.

आखाजीला त्यांची मुलगी सुनंदा माहेरपणाला शिंदखेड्याहून आली. ती चार बुकं शिकलेली. भिंतीवरचं पाहून म्हणाली, "भाऊ, भि म्हणजे भिजू नये. आबांना वर छत पाहिजे." सुनंदा बापाला आबा म्हणायची. मला पटलं. मी बांबूच्या कमानी वाकवल्या, वर ताडपत्री ओढली, खाली दोन बाकं ठोकली. नानांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. हो, हो, अशी. डोळ्यांतून पाणी आलं. अक्कांनी गूळ वाटला. सुनंदा समाधानाने सासरी गेली.

दुसऱ्या दिवशी नानांना पुन्हा गोठ्यात आणलं, तर त्यांनी ताडपत्रीचं टोक डाव्या हाताने धरून ओढलं ते फाटेपर्यंत सोडलं नाही.

मी घरी येऊन डोकं धरून बसलो. काल हो आणि आज नाही? की काल जी मान हलली ती नाहीची होती? आजारी माणसाचं हो कुठलं आणि नाही कुठलं, हेच आम्हाला कळेनासं झालं. भिकन म्हणायचा, त्यांचं उलटं धरायचं. अक्का म्हणायच्या, सुलटंच आहे, आपलंच चुकतंय. एकदा मी नानांना विचारलं, "नाना, तुमचं नाव उखर्डूच ना?" त्यांनी नाही अशी मान हलवली आणि हसले. ते हसणं पाहून मला आणखीच काही सुचेना.

आखाजी होऊन गेली तरी शब्द तोच राहिला. मग शेजारपाजारचे म्हणू लागले की नाना पुढच्या आखाजीचं सांगताहेत. कुणी म्हणालं, मुलीला परत बोलवा. पोलीसपाटील कौतिकराव तर म्हणाले, "लॉरीत सणाचा झोका बांधायचा असेल." तेही आम्ही एक दिवस खरं मानलं. एवढी आमची गत झाली होती.

मृग लागला. मी पेरणीच्या कामांना लागलो, पण कुणाची तिफण सांधतानाही मनात हौदाच असायचा. एक दिवस अक्कांनी निरोप पाठवला.

गेलो तर अक्का ओसरीवर मातीचे हात घेऊन बसलेल्या. पोळ्याला बैल करतात त्या मातीची त्यांनी लॉरी केली होती. हातभर लांब. चार चाकं, पुढे बसायची जागा, मागे रिकामी पाटी. शेजारी ज्वारीच्या धांड्याचे तुकडे, फळ्या म्हणून. बाकं म्हणून दोन चपटे तुकडे. मातीचा एक गोळा, भट्टी.

"बोलता येत नही, पन हात तं एक चांगला शे," अक्का म्हणाल्या. "त्यास्लेच मांडू द्या."

मला माझीच लाज वाटली. दीड-दोन महिने हातात लाकूड धरून बसलो होतो आणि हे मला सुचलं नव्हतं.

नानांना टेकून बसवलं. त्यांनी बराच वेळ मातीच्या लॉरीकडे पाहिलं. मग डाव्या हाताने एक एक तुकडा उचलला. भट्टी पुढे सरकवली. बाक उभं लावलं, मग आडवं. बाजूला धांडे रोवले. झाल्यावर हात मांडीवर ठेवला. मी कागदावर सगळं उतरवून घेतलं. इतक्या दिवसांनी मला गाढ झोप लागली.

सकाळी पुन्हा खात्री करावी म्हणून अक्कांनी तुकडे मोकळे करून पुढे ठेवले. नानांनी दुसरंच मांडलं. भट्टी मागच्या कोपऱ्यात, बाक एकच. तिसऱ्या दिवशी बाकं नाहीतच, सगळे धांडे एका बाजूला. मी तीन कागद घेऊन बसलो, कुठला खरा? चौथ्या दिवशी नानांनी काहीच मांडलं नाही. त्यांनी सगळे तुकडे ओंजळीत, म्हणजे एका हाताच्या ओंजळीत, गोळा केले आणि अक्कांच्या ओटीत टाकले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

अक्कांनी ओटीतले तुकडे टोपलीत ठेवले. नंतर मला अंगणात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रुपचंदभाऊ, त्यास्ना ध्यानमा काहीच नही शे. बठ्ठं पुसाई गये."

"म्हणजे?"

"आपन समजनूत, त्यास्ले ठाऊक शे आनी सांगता येत नही. तसं नही. त्यास्लेच ठाऊक नही. आपन ईचारतस, मंग ते शोधतस, सापडत नही, मंग चिडतस." त्यांनी डोळे पुसले. "दोन महिना आपन त्यास्ले उगाच तरास दिन्हा."

मला एकीकडे हलकं वाटलं आणि त्या हलकं वाटण्याचंच वाईट वाटलं.

"मग हौदा कसा करू, अक्का?"

"तुम्हले सुतारकी येस ना? तुम्ही सांगा, कसा व्हवाले पाहिजे."

मी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीबद्दल माझं मत सांगितलं. भट्टी काढू नये, पण एका कोपऱ्यात लोटावी आणि मध्ये पत्रा घालावा, म्हणजे माल तापणार नाही. बाजूच्या फळ्या खाचेत बसवाव्या, हव्या तेव्हा काढता येतील. कपाशी असली की उंच, बाजाराचा दिवस असला की खाली. बाक एकच, सुटं. अक्कांनी ऐकलं आणि म्हणाल्या, पुढच्या जागेवर नानांसाठी पाठीला टेकू आणि धरायला दांडी पाहिजे. तेवढं एकच त्यांनी मागितलं.

भाद्रपदात काम संपलं. नानांना दाखवलं तेव्हा अक्कांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "हाई आमी करेल शे." नानांनी खाचेतली फळी वर ओढली, खाली सोडली, परत वर ओढली. बराच वेळ तेच करत राहिले. आवडलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

दिवाळीनंतर पहिली खेप निघाली. मागे कपाशी, कपाशीवर मी, पुढे भिकन चाक धरून, मध्ये नाना, कडेला अक्का. काजगाव स्टेशनाकडे जायचं होतं. गिरणेच्या पात्रात वाळूत गाडी अडकली. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं. भिकनने भट्टी ढवळली, हवा भरली, पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. मी खाली उतरून चाकाखाली कपाशीच्या वाळक्या पळाट्या घातल्या. काही उपयोग नाही.

तिसऱ्यांदा इंजिन गचके खाऊ लागलं तेव्हा नाना पुढे वाकले. भिकनच्या हातातल्या चाकाजवळ हवेचं प्रमाण बदलायची एक छोटी दांडी होती. डाव्या हाताने त्यांनी ती थोडी ओढली, थांबले, कान देऊन ऐकलं, आणि केसभर परत ढकलली. इंजिनाचा आवाज एकदम भरला. गाडीने वाळू सोडली आणि पलीकडच्या चढाला लागली.

"काका, काय कर्‍यं तुम्ही? किती ओढी?" भिकन ओरडून विचारत होता.

नाना स्वतःच्या हाताकडे पाहत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसे. मग म्हणाले, "आखाजी." अक्का म्हणाल्या, "भिकन, पुढे दख. त्यास्ले ईचारू नको."

त्यानंतर नाना प्रत्येक खेपेला जायचे. कधी हवेच्या दांडीला हात लावायचे, कधी सगळी वाट झोपायचे. कधी लावतील याचा अंदाज भिकनला शेवटपर्यंत आला नाही. सत्तेचाळीसच्या चैत्रात, पहिल्या झटक्याला वर्ष होता होता, ते झोपेतच गेले.

अक्कांनी लॉरी ठेवली. तेरावा झाल्यावर चार दिवसांनी त्या माझ्या दारात आल्या. बाजाराला जाणाऱ्या बायांना मागे तोंड करून बसलं की मळमळतं, तर बाक फिरवून देता का, असं विचारलं. मी माप घ्यायला लगेच गेलो. पण बाक फिरवलं तर बायांचे पाय भट्टीच्या पत्र्याला लागत होते, आणि पत्रा सरकवला तर फळी खाचेत बसत नव्हती. मी आणि अक्का दुपारभर हौद्यात उभे राहून त्याचाच विचार करत होतो.