कॉम्प्युटर झोपू नये म्हणून

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी पुण्यातली खोली सोडून जबलपूरला परत आले. आई आधीच वारली होती. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या घरात आम्ही दोघंच. ऑफिसनं घरून काम करायची परवानगी दिली आणि एक जाडजूड कॉम्प्युटर कुरिअरनं पाठवला.

माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. त्या एका कॉम्प्युटरच्या आत आणखी काही लुटुपुटुचे कॉम्प्युटर चालायचे, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांच्यावर चाचणी लावली की ती तासन्‌तास चालायची. पण माऊसला थोडा वेळ हात लागला नाही, की बाहेरच्या कॉम्प्युटरला वाटायचं इथं कोणी नाही, आणि तो झोपून जायचा. आतली मशीनं जागच्या जागी थांबायची. चाचणी पुन्हा पहिल्यापासून. झोपेची ती सेटिंग ऑफिसनं कुलूप लावून ठेवलेली. मी कळवून पाहिलं, तर उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखा आहे.

मग मी खुर्चीला बांधली गेले. पोळी तव्यावर टाकायची, धावत येऊन माऊस हलवायचा, परत जाईपर्यंत पोळी करपलेली. शेजारच्या दीदी फाटकातून हाक मारायच्या, मी आतूनच ओ द्यायची. बाबांना व्यायामासाठी नेपियर टाउनच्या क्लिनिकमध्ये न्यायचं रोज पुढं ढकललं जात होतं. ते काही विचारत नसत. वॉकर जवळ ठेवून पलंगावर बसून असत.

एका दुपारी त्यांच्या गोळ्या संपल्या. जवळच्या दुकानात मिळेनात. बाबा म्हणाले, मी बसतो ना तुझ्या खुर्चीवर, तू जा. त्यांची सारी नोकरी डिफेन्सच्या फॅक्टरीत, मशीनपुढं उभं राहण्यात गेली होती. माऊस कसा हलवायचा ते मी दाखवलं. त्यांनी करून पाहिलं आणि चष्मा नीट केला.

नेपियर टाउनमध्ये गोळ्या मिळाल्या, पण येताना ऑटो एका मिरवणुकीमागं अडकला. फोन लावत राहिले. त्यांचा फोन पलंगावर वाजत होता, हे नंतर कळलं. घरी पोचले तेव्हा बाबा तसेच बसले होते, हात माऊसवर. पायजमा ओला झाला होता. खुर्चीखाली ओघळ गेला होता.

"उठले काहून नाही, बाबा?"

"बंद पडलं असतं ना," स्क्रीनवरची नजर न काढता ते म्हणाले. "तुझं काम चालून राहिलं होतं."

मी त्यांचे कपडे बदलले. ते भिंतीकडे तोंड करून निजले. मग मी ऑफिसात फोन लावला. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या विभागातले गृहस्थ नेहमीचंच सांगू लागले. मी त्यांना काय झालं ते सगळं हिंदीत सांगितलं, पायजम्यासकट. मग तिथूनच माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरून त्यांनी एक सेटिंग बदलली: आतली मशीनं चालू असेपर्यंत झोपायचं नाही. चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना क्लिनिकमध्ये नेलं. ते दांडा धरून पावलं टाकत होते आणि मी बाकावर बसून फोनवर चाचणी बघत होते. कॉम्प्युटर आता जागा राहतो हे कळल्यावर साहेबांनी रविवारचं कामही माझ्याकडे दिलं होतं.

त्या दुपारबद्दल बाबा कधी बोलले नाहीत. माझ्या खोलीत यायचं मात्र त्यांनी सोडलं. काही हवं असलं तर दारातूनच हाक मारायचे.