दमलेले व्हॉल्व्ह

राहुरीच्या आमच्या चर्चमध्ये गिटार वाजवणारे काका उपासनेला सगळ्यांच्या आधी येतात. जुना अँप्लिफायर चालू करतात आणि त्यातले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत बाकावर डोळे मिटून बसतात. मी शेजारी पेटी वाजवतो. ते व्हॉल्व्ह केव्हाच दमलेत. सूर घोंगडीखालून आल्यासारखा येतो. "काका, बदला आता," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "चालतंय की अजून. कशाला उगं?"

ईस्टरला मात्र पाळकसाहेबांनी पिच्छाच पुरवला, तेव्हा काकांनी नवे बसवले. आवाज लख्ख झाला. काकांची बोटं आता कुठं कुठं पोचत नाहीत, तेही पहिल्याच गीतात लख्ख ऐकू आलं. मी भाता जोरात मारून जमेल तेवढं झाकलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच घोंगडीतला सूर. पाळकसाहेबांनी विचारलं, तर काका म्हणाले, "नवे लगेच गेले, साहेब. हल्लीचा माल लई हलका."

गिटारच्या उघड्या पिशवीत, नीट गुंडाळलेल्या फडक्यातून डोकावणारे नवे व्हॉल्व्ह मला दिसत होते. मला ते दिसलेत, हे काकांनाही दिसलं.

"हो ना," मी पाळकसाहेबांना म्हणालो, "हल्ली माल असाच येतो."