पास अवे झालो ती सकाळ

मी वारलो तेव्हा गोंदियाजवळच्या कुडवा गावातल्या आमच्या घरात, लॅपटॉपच्या मागे, स्टुलावर बसलो होतो.

समोर बायको, वनमाला. गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनची जागा निघाली होती आणि नागपूरहून मॅनेजर बाई व्हिडिओवर मुलाखत घेणार होत्या, तीही इंग्रजीत. पोरं मोठी झाल्यावर तिला पहिल्यांदाच कुठून बोलावणं आलं होतं. धास्तीनं तिला जेवण जात नव्हतं. ही नोकरी तिला लागावी असं मलाही फार वाटत होतं, म्हणून मास्तरकी मी स्वतःकडे घेतली. (कोणी दिली नव्हती.)

इंटरनेटवर एक फुकटचा कोर्स सापडला. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. त्यात लिहिलं होतं, निघून जाणे म्हणजे पास अवे.

"हे बरोबर हाये का जी?" वनमाला म्हणाली. "मले येगळंच वाटून राहिलं."

"काऊन शंका घेऊन राहिली? पास म्हणजे जाणं, अवे म्हणजे दूर. आन् ऑनलाइन हाये, साऱ्या जगानं वाचलं असन."

मुलाखतीला खोलीत दुसरं कोणी नको, अशी अट होती. मी उत्तरं लिहिलेला पुठ्ठा धरून कॅमेऱ्याआड बसलो. बाईंनी पहिलंच विचारलं, खोलीत कोणी आहे का?

"नो मॅडम," वनमाला गोड हसली. "माय हजबंड पास्ड अवे."

"ओह. आय ॲम सो सॉरी. व्हेन?"

"टुडे मॉर्निंग."

बाई स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. "टुडे? अँड यू आर गिव्हिंग इंटरव्ह्यू?"

"नो प्रॉब्लेम मॅडम. ही विल कम बॅक इन इव्हनिंग."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ऑफिसच्या ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी येते, तिच्यात हेच दोन शब्द असतात! बोलावं तर तिची नोकरी जाते, गप्प राहावं तर मी जातो. मी जोरजोरात हात हलवले. तिला वाटलं, मस्त चाललंय.

"डेली पास अवे, मॅडम," तिनं खुलासा केला.

बाई हिंदीवर आल्या. "बेटा, पहले पानी पियो. मैं अस्पताल से किसी को भेजती हूँ."

आता माणसं येणार म्हटल्यावर मी कॅमेऱ्यापुढे उडी घेतली. "मॅडम, नॉट पास्ड अवे. आय ॲम हिअर ओन्ली." हातात पुठ्ठा, अक्षरं बाईंकडे.

वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, हे माझे मिस्टर. इंग्रजी यायनंच शिकवली. मले नोकरी पायजे होती, म्हणून यायले लपवलं. चुकलं माझं."

बाईंनी आधी पुठ्ठा शेवटपर्यंत वाचला. मग मराठीत म्हणाल्या, "इंग्रजी आम्ही शिकवू. दवाखान्यात कोण कधी रडत येईल सांगता येत नाही, तिथं चेहरा शांत लागतो. नवरा गेल्याचं इतक्या प्रसन्नपणे सांगणारी बाई मला दुसरी मिळायची नाही. सोमवारपासून या."

नवऱ्यामागे बायकोला अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागते, हे मी ऐकून होतो. नवरा पेढ्याचा डबा धरून शेजारी उभा असताना लागलेली मात्र ही पहिलीच असावी.