शाळापट्टी आणि वर केलेले हात

मी अक्षरे शिकलो ती पत्रकांवर. वडील तांदूळ घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला जात. येताना गूळ, सुपारी ज्या कागदात बांधून मिळे तो कागद ते फेकत नसत. त्यांना वाचता येत नव्हते, तरी छापलेला कागद दिसला की तो झटकून, घडी घालून मुंडाशात खोचत आणि घरी आल्यावर माझ्यापुढे ठेवत. "बग, काय म्हनतोय." कधी दारूबंदीचे पत्रक असे, कधी विलायती कापडावरच्या बहिष्काराचे. बहुतेकांची वरची नाहीतर खालची कड फाटलेली असे. त्यामुळे जगातले पुष्कळ अन्याय मला मधूनच कळले, आणि त्यांवरचे उपाय माझे मलाच जुळवावे लागले.

आमचे गाव आंदर मावळातले. शाळा देवळाच्या ओवरीत भरे आणि दुसरीला संपे. पुढे शिकायचे तर नदी ओलांडून, डोंगराच्या कडेने मोठ्या गावी जावे लागे. मुलगे जात, मुली जात नसत. खालच्या वस्तीतल्या मुलांना ओवरीत चढू देत नसत. ती पायरीखाली उन्हात बसत, आणि मास्तर दोन्हीकडे ऐकू जावे म्हणून कडेच्या खांबाशी उभे राहून शिकवत.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण दुसरी पास झाली. पुढे शिकायचे आहे असे ती कुणाला म्हणाली नाही. ती फक्त पाटी ठेवून देत नव्हती. आई भाकरी थापत असली की तिच्याजवळ बसून येणारीच गणिते पुन्हा मांडी. आई म्हणे, "झाली की गं तुजी शाळा." ती म्हणे, "व्हय, झाली." आणि पाटी पुसून तेच गणित परत घेई.

अशात लोकल बोर्डाचे म्हणणे आले. गावाने देवळाबाहेर वेगळी खोली बांधून दिली तर बोर्ड दुसरा मास्तर देईल आणि चौथीपर्यंत वर्ग चालवील. खोलीसाठी दर उंबऱ्यावर शाळापट्टी बसवायची, आणि बसवायची की नाही हे पट्टी भरणाऱ्यांनीच सभेत मत देऊन ठरवायचे.

मी तेव्हा लोणावळ्याला एका छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत होतो. रजा काढून गावी आलो. सरकारी सारा आम्हाला कुणी विचारून घेत नव्हते. इथे पहिल्यांदा कुणी विचारत होते. माणसाला विचारून घेतला तोच कर, बाकी सगळी वसुली, असे मी तेव्हा मानत होतो आणि आजही मानतो.

सभेला निघताना वडिलांना विचारले, "बा, तुमचं मत काय?"

"इचार करतोय."

"अजून?"

"पट्टी एकदा बसली की उठत न्हाई. खोली पडली तरी पट्टी उभी ऱ्हाती."

बहीण आमच्या मागून येत होती. पाटी तिने काखेत धरली होती. सभेत पाटीचे काय काम, हे तिला कुणी विचारले नाही.

देवळासमोर एक सागवानी तुळई पडलेली होती. गावातल्या एकाने पडक्या गोठ्याची ती तुळई शाळेच्या खोलीला आधीच देऊन टाकली होती. खोलीचा पत्ता नव्हता, तोवर लोक तिच्यावर बसत. पंचांतले वडीलधारे आबा मला म्हणाले, "मत कसं घ्याचं त्ये तुला ठावं. तूच घे."

मी आधी बोललो. अज्ञान, गुलामी, उद्याची पिढी, सगळे बोललो. मागून कुणीतरी म्हणाले, "पोरगं छापल्यागत बोलतंय." मला तो मान वाटला. शेवटी मी म्हणालो, "ज्यांना शाळापट्टी मान्य आहे त्यांनी हात वर करावेत."

दोघांनीच केले. गावात सर्वांत जास्त भातखाचरे असलेले एक जण होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत; त्यांची मुले बैलगाडीतून मोठ्या गावच्या शाळेत जात. त्यांनी चक्क दोन्ही हात वर केले. शेजारी बसलेल्या त्यांच्या मेव्हण्याने एक केला. बाकी सगळे मांडीवर हात ठेवून बसले होते. वडीलही.

मला भरून आले. मी म्हणालो, "पाहा. ज्यांना या शाळेची गरज नाही ते भाऊ दोन्ही हातांनी देताहेत. आणि ज्यांची मुलं उन्हात करपताहेत ते दगडासारखे बसलेत." आणखीही बरेच म्हणालो. भाऊ माझ्याकडे, मग मेव्हण्याकडे बघू लागले. पायरीवर बहिणीने पाटी मांडीवर पालथी घातली.

खांबाशी एक विधवा मावशी बसल्या होत्या. घर त्यांच्या नावावर, म्हणून मतही त्यांचे. त्या म्हणाल्या, "का रं बाबा, आमाला का बोल लावतूस? हात त्येनं वर केलं. आमी तर गप बसलोय."

"मावशी, गप बसलात म्हणूनच तर बोलतोय."

"मंग काय हात वर करू? म्या कदी कुनाची पट्टी बुडिवलीया?"

आबांना आधी उमगले. ते हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. आमच्याकडे हात वर करणे याचा एकच अर्थ होता: माझ्याच्याने होत नाही, माझ्याकडून काही मिळायचे नाही. मी गावाला नकार मागितला होता, आणि ज्यांना द्यायचा होता त्यांनी तो मनापासून दिला होता.

"आन् मी म्हनतोय, ह्यो माजं गुन का गातोय," भाऊ म्हणाले.

सगळी सभा हसली. मीही हसलो, जरा उशिरा.

"मंग आता मत घ्याचं कसं?" आबा म्हणाले आणि त्यांची नजर तुळईवर गेली. "ज्येला पट्टी कबूल हाय त्येनं तुळईला हात लावावा."

ओझे उचलायचे असले की आमच्याकडे 'हात लावा' म्हणतात. ते समजायला कुणाला पत्रक लागत नाही.

"आदी तिच्यावरनं उठा तरी," मावशी म्हणाल्या. तुळईवर बसलेले उठले. मावशींनी पहिला हात लावला. मग एकेक जण येऊ लागला. वडील मात्र जागचे हलले नाहीत. बहीण त्यांच्याकडेच बघत होती. तुळईकडे तिचे लक्ष नव्हते.

इतक्यात लांब अंगणाच्या कडेला बसलेल्या खालच्या वस्तीतल्यांपैकी एक जण म्हणाला, "आबा, पट्टी आमच्या उंबऱ्यालाबी हाय. आमी हात कुटं लावायचा?"

या विषयावरचे एक पत्रक माझ्याकडे होते, दोन्ही कडा शाबूत असलेले. मी बोलायला उठलो, पण माझ्याआधी वडील उठले. तुळईच्या टोकाशी गेले, तिच्यावर हात ठेवला आणि थोडे आत सरकले. टोकाशी एका माणसापुरती जागा झाली.

"हितं ये," ते म्हणाले. "ह्ये टोक जड हाय."

तो आला आणि त्याने हात लावला. त्याच्या मागून आणखी आले. काहींनी आपले हात काढून घेतले. ते कोण, हे मी इथे लिहीत नाही, पण विसरलेलोही नाही. बाकीचे हात तसेच राहिले. इतके हात लागल्यावर कुणीतरी सवयीने म्हणाले, "हां, उचला." आणि तुळई खरोखरच जमिनीवरून उठली.

"मंजूर," आबा म्हणाले. "आता खाली ठेवा. पाय संबाळा."

घरी येताना मी वडिलांना विचारले, "इतका वेळ कसला विचार करत होता?"

"तुमी तिला चौथीपतुर शिकिवनार," ते म्हणाले. "म्होरं ती म्हनंल, पाचवी कुटं हाय. तवा म्या काय सांगू?"

बहीण पुढे पळत होती. तिने ऐकले नसावे.

खोली झाली. पहिल्या वर्षी खालच्या वस्तीतल्या मुलांची ओळ भिंतीकडेला वेगळी होती. तेवढ्यावर मी समाधान मानले नाही, कुणी मानू नये. पण ती ओळ छपराखाली होती, आणि मास्तर एकाच दिशेला तोंड करून शिकवत. तिसरीत मुली दोघीच होत्या. त्यांतली एक माझी बहीण.

पुढे सणासुदीला मी गावी गेलो असताना वडील बाजारातून आले. ओसरीवर बसून त्यांनी मुंडासे सोडले आणि घडी घातलेला कागद काढला. सवयीने मी हात पुढे केला.

"तू न्हवं," ते म्हणाले. "तिला वाचू दे."

तिने कागद गुडघ्यावर सरळ केला.

"बा, वरची कड फाटलीया."

"असू दे," वडील म्हणाले. "हाय तितनं वाच."