पडद्यावरच्या पट्ट्या

माळा आवरताना नवऱ्याच्या जुन्या अँटेनाच्या तांब्याच्या तारेचं भेंडोळं हाती लागलं आणि जळकोटजवळच्या गावातला तो दुष्काळी उन्हाळा आठवला. नवऱ्याला हौशी रेडिओचा नाद होता. कानाला ऐकूही न येणारे परदेशातले क्षीण संदेश बारीक सुरांत बांधलेले असायचे, आणि त्याचा संगणक ते गोंगाटातून वेचून काढायचा. शिवारातल्या बोअरच्या मोटारी सुरू झाल्या की त्यांच्या विजेच्या खरखरीनं संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकीची एक उभी पट्टी उमटे आणि संदेश त्या पट्ट्यांत बुडत. त्या उन्हाळ्यात पट्ट्या एकेक करून कमी होत गेल्या. तो खूश होता. "अगं, ब्राझील लागलं! लई स्वच्छ येऊन राहिलंय." उदगीर जिल्हा होणार, ही खबर घेऊन आलेल्या शेजारच्या काकांनी विचारलं, "ह्यात आमची मोटार कुठं हाय?" नवऱ्यानं काळी, रिकामी जागा दाखवली. काका म्हणाले, "हाव, परवाच आटला बोअर. आता नवा जिल्हा काय धुऊन प्यायचा?" पडद्यावर एकच पट्टी उरली होती. मी विचारलं, "अहो, ही कुणाची?" "आपली," तो म्हणाला. आम्ही तिघं बघत असतानाच ती तुटक होत होत विझली आणि तिच्या जागी कुठल्या तरी जपान्याची हाक स्पष्ट उमटली. तिला कुणीच उत्तर दिलं नाही. आता शहरात राहते, तरी मोटारीची घरघर मध्येच थांबली की हातातलं काम टाकून टाकीत डोकावून येते.