मतदारसंघाचा आवाज

या मतदारसंघाचा इतिहास लिहायचा झाला तर तो एका माणसाच्या घशातून लिहावा लागेल, आणि तो घसा आता कामातून गेला आहे.

पहिली निवडणूक त्याने सायकलवर, पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून केली. तेव्हा गुरुजी निवडून आले. गुरुजी अर्ध्या मुदतीतच वारले, पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या, आणि त्याने गल्लोगल्ली 'गुरुजींचं अपुरं काम' असा काही सूर लावला की विरोधी उमेदवाराच्या घरातलीही मतं बाईंना पडली म्हणतात. मग वकीलसाहेब आले. ते दोनदा निवडून आले, एकदा पडले. त्यांना पाडणारा किटली चिन्हाचा अपक्ष निकालाचा गुलाल झटकायच्या आत वकीलसाहेबांच्याच पक्षात जाऊन बसला, तेव्हा नक्की पडलं कोण हे ठरवताना लोकांची पंचाईत झाली. पुढे हद्दी बदलल्या. कालव्यापलीकडच्या गल्ल्या शेजारच्या मतदारसंघात गेल्या आणि टेकडीमागच्या वस्त्या इकडे आल्या. इतकी वर्षं आपापल्या आमदाराला शिव्या देत आलेल्या माणसांना नव्याने सुरुवात करावी लागली.

उमेदवार बदलले, चिन्हं बदलली, सायकलची रिक्षा झाली. आवाज तोच राहिला. भरदार, खर्जातला, शेवटचा शब्द किंचित उचलणारा. लोक त्याला भोंगेकाका म्हणत. भोंगेकाका ज्याच्या गाडीत, जागा त्याची, असा सगळीकडे समज होता. खरं म्हणजे ज्याची जागा येण्यासारखी असे, तोच आधी काकांना धरून ठेवी. पण असल्या बारकाव्यांनी समज मोडत नाहीत.

काकांचा चेहरा मात्र त्यांच्या गल्लीपलीकडे फारसा कुणाला माहीत नव्हता. उन्हासाठी रिक्षाला ताडपत्रीचे पडदे असत आणि ते आत बसून बोलत. उमेदवारांशीही गाठ पडत नसे. सगळा व्यवहार लाउडस्पीकरवाल्याच्या दुकानातून चाले. हा गृहस्थ दोन्ही बाजूंना माल पुरवी आणि दोन्ही बाजूंना खासगीत सांगे की मी मनाने तुमचाच.

काकांचा मुलगा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात हंगामी होता. लागला तेव्हा बिनलग्नाचा होता. आता त्याची मुलगी शाळेत जात होती, तरी हंगाम काही संपत नव्हता. वकीलसाहेबांनी त्याला कायम करायचा शब्द निरोपानिरोपी दोनदा दिला होता आणि दोनदा ते विसरले होते. यंदा वरून हुकूम आला की निवडणूक झाली की हंगामी माणसं कमी करायची. आमदाराची शिफारस असेल तेवढी ठेवायची. म्हणून काकांनी जन्मात पहिल्यांदा अट घातली, की निवडून येणाऱ्याने मुलाची शिफारस करायची. वकीलसाहेबांच्या विरोधात शिडी चिन्हावर एक ठेकेदार उभा होता. त्याने अट मान्य केली. त्याची अट एवढीच होती की रेकॉर्ड चालणार नाही, काकांनी रोज गाडीत बसून बोलायचं.

काका बोलले. घसा आधीच खरखरत होता, खडीसाखर तोंडात धरून बोलले. बायकोने ओढत घशाच्या डॉक्टरकडे नेलं. आत गाठ होती. डॉक्टरांनी सांगितलं की आता एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात जाऊन बसले. बायको उंबऱ्यात आडवी उभी राहिली होती. काकांनी आत झोपलेल्या नातीकडे बोट दाखवलं. बायको बाजूला झाली.

आणि तेवढ्यात दुसरी रिक्षा आली. तिच्यावर वकीलसाहेबांचं चिन्ह, छत्री होती आणि आतून काकाच बोलत होते.

झालं होतं एवढंच की वकीलसाहेबांच्या माणसांनी भोंगेकाकाच पाहिजेत म्हणून हट्ट धरला, आणि नाही म्हणणं हे लाउडस्पीकरवाल्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्याने मागच्या निवडणुकीचं वकीलसाहेबांसाठी केलेलं रेकॉर्डिंग काढलं, झाडूनपुसून घेतलं, आणि काकांनी खास यंदा येऊन दिलंय असं सांगून देऊन टाकलं. काका जाब विचारायला गेले तर म्हणाला, आवाज तुमचा असला तरी मशीन माझं. काकांना यावर पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून वाराच आला.

ठेकेदाराला वाटलं, हा दोन्हीकडे खातोय. त्याने फर्मान काढलं की टेकडीमागच्या बाजारात, भर चौकात, काकांनी गाडीवर उभं राहून सांगायचं की छत्रीच्या गाडीतला आवाज शिळा आहे, खरा मी इथे आहे. तेवढं केलं तर शब्द कायम.

काका गाडीवर चढले. समोर भाजीवाल्या, हमाल, दुकानांच्या पायऱ्यांवरची रिकामी मंडळी. या सगळ्यांनी त्यांचा आवाज ऐकला होता, माणूस पाहिला नव्हता. काकांनी माइक धरला, छाती भरून घेतली, आणि कर्ण्यातून फाटक्या भात्यासारखी सूं सूं बाहेर पडली. त्यांनी पुन्हा जोर केला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. नेमकी तेव्हाच छत्रीची रिक्षा कोपऱ्यावरून वळली, भरदार, खर्जातली, शेवटचा शब्द किंचित उचलत.

"ए बाबा, उतर खाली," एक भाजीवाली म्हणाली. "खरे काका ते बघ चाललेत."

चौक पोट धरून हसला. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्त्यांत झालं की ठेकेदाराने नकली भोंगेकाका उभा केला. ज्याला आवाजसुद्धा खरा आणता येत नाही तो पाणी काय आणणार, असा सरळ हिशेब लोकांनी केला. वकीलसाहेब आरामात निवडून आले. ठेकेदाराने काकांना पुन्हा दारात उभं केलं नाही.

पंपघरात हंगामी माणसांना महिनाअखेरीला चाव्या जमा करायला सांगण्यात आलं. मुलगा जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. तेव्हा काकांची बायको म्हणाली की आपण वकीलसाहेबांकडेच जाऊ, काही झालं तरी तुमच्याच आवाजावर निवडून आलेत.

बंगल्यासमोर रांग होती. काका आणि त्यांची बायको सकाळी उभे राहिले, ते दुपारी आत पोचले. वकीलसाहेब सोफ्यावर होते आणि शेजारी लाउडस्पीकरवाला चहा पीत होता. बायकोने पदर सावरून सगळं सांगितलं. हे भोंगेकाका. घशाला गाठ झालीय, बोलता येत नाही. मुलाचं तेवढं बघा.

वकीलसाहेबांनी काकांना नीट न्याहाळलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी काकांना पाणी द्यायला सांगितलं.

"बाई, बाजारात गाडीवर चढले होते ते हेच ना?"

"हो. पण तेव्हा यांचा घसा..."

"या भाऊंना विचारा की," असं म्हणत बायकोच लाउडस्पीकरवाल्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही सांगा. तुमच्या दुकानात जन्म गेला यांचा."

लाउडस्पीकरवाल्याने कपातून वर पाहिलं. हेच काका असं म्हटलं असतं तर यंदा नव्याने आवाज दिला कुणी, हाही प्रश्न आला असता. त्याने चहाचा घोट घेतला.

"काकांना मी ओळखतो, वहिनी," तो सावकाश म्हणाला. "हे दुसरेच कुणी दिसतात."

काका पुढे सरकले. तोंड उघडलं, हात हलवले, गळ्यावर बोटं ठेवून दाखवलं. नुसतं घशात हवा घासल्यासारखं झालं. कुणीतरी हसू दाबलं. बायको म्हणाली की गल्ली बोलावते, गल्ली सांगेल. दारावरचा माणूस म्हणाला की गल्ली तर रोज कुणी ना कुणी घेऊनच येतं.

"हे बघा," वकीलसाहेब कळवळून म्हणाले, "भोंगेकाकांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. त्यांच्या मुलाचं काम असेल तर आत्ता सही करतो. पण त्यांना स्वतःला येऊ द्या. त्यांना म्हणावं, एकदा नुसतं समोर येऊन बोला."

"येतील," बायको म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

बाहेर ऊन होतं. मुलगा कामावरून परस्पर आला होता आणि फाटकाशी उभा होता. आईच्या तोंडाकडे पाहून त्याने फाटक उघडून धरलं. काकांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग रांगेच्या बाजूने मागे मागे चालत गेले आणि शेवटच्या माणसाच्या पाठीमागे जाऊन पुन्हा उभे राहिले.